उंबऱ्याबाहेरची सुईण

माझ्या आजीच्या हातावर जन्मलेली माणसं आमच्या गावात घरोघरी होती, पण त्यातल्या बहुतेक घरांचा उंबरा तिने बाळंतपणाखेरीज कधी ओलांडला नाही. रात्री-अपरात्री मांगवाड्याच्या तोंडाशी कंदील यायचा. कुणीतरी लांबूनच हाक मारायचं. आजी पदर खोचून निघायची. बाळंतिणीच्या खोलीत तिला मज्जाव नव्हता. तिने पोटाला हात लावलेला चालायचा, आतल्या बाळाची चाचपणी केलेली चालायची, जन्मलेलं मूल पहिल्यांदा तिनेच उचललेलं चालायचं. पुढे दहा दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं कामही तिचंच. अकराव्या दिवशी घर सारवलं जायचं, गोमूत्र शिंपडलं जायचं. बाराव्या दिवशी बारशाला आजी अंगणाच्या कडेला बसायची आणि पाळण्याची गाणी बाहेरूनच ऐकायची. तिच्या सुपात जोंधळे पडायचे, वर खण आणि नारळ. मुलगी झाली असेल तर सूप अर्धंच भरायचं.

लहानपणी मला याचा उलगडा होत नसे. ज्या हाताने मूल जगात आणलं, त्याच हाताचं पाणी बाराव्या दिवशी कसं चालत नाही? मोठेपणी कळलं ते असं. बाळंत झालेली बाई दहा दिवस सुवेरात असते. म्हणजे त्या दहा दिवसांपुरती वाड्यातली सूनही अस्पृश्यच. जी स्वतःच शिवून घ्यायची नाही, तिला माझी आजी काय बाटवणार? म्हणून दार उघडं. सुवेर फिटलं की सून परत घरात आणि आजी परत अंगणात. बाळंतपणाचं रक्त विटाळ ठरलं, आणि ज्यांना जन्माने विटाळलेलं मानलं होतं त्यांच्याच पदरात हा धंदा पडला. काही गावांत तो न्हाव्याच्या बायकोकडे होता, काही गावांत महारवाड्यात, आमच्याकडे मांगवाड्यात.

मी १९७९ ते २०१४ अशी पस्तीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत सरकारी नर्स होते. लोक ‘नर्सबाई’ म्हणत. माझी आजी सुईण, माझी आई प्रशिक्षित दाई आणि मी शिकलेली परिचारिका. एका घरातल्या या तीन पिढ्यांत महाराष्ट्रातल्या बाळंतपणाचा शंभर वर्षांचा इतिहास मावतो. तो लिहायचा कारण डॉक्टरांच्या आणि दवाखान्यांच्या इतिहासात सुईण फक्त एका वाक्यापुरती येते, आणि त्या वाक्यातही ती अडाणी असते.

सुईण हा शब्द फार जुन्या घरातला आहे. जन्म देणं या अर्थाचा संस्कृत धातू ‘सू’. त्यातून प्रसूती, सूतिका, सूतिकागार हे शब्द आले आणि त्याच गोतातली आपली सुईण. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बाळंतिणीची खोली कशी असावी, तिथे काय काय ठेवावं, जवळ कोणत्या बायका असाव्यात हे सविस्तर सांगितलं आहे. अनेक बाळंतपणं अनुभवलेल्या, मायाळू, न घाबरणाऱ्या बायका तिथे हव्यात. सुश्रुताने तर चार प्रौढ, प्रसूतीत वाकबगार बायका सांगितल्या आणि त्यांची नखं कापलेली असावीत असंही बजावलं. प्रशिक्षणात आम्हाला पहिला धडा नखांचाच होता. तो धडा दोन हजार वर्षांच्या घरातला आहे हे मला नोकरी संपत आल्यावर एका वैद्य बाईंनी दाखवलं. मला आनंद झाला आणि रागही आला. ग्रंथात ज्या बाईला इतका मान होता, तिला गावाने अंगणात बसवलं.

जुन्या वैद्यांनी गर्भिणीला ‘दौहृदिनी’ म्हटलं, म्हणजे जिच्यात दोन हृदयं आहेत अशी. चौथ्या महिन्यात गर्भाची इच्छा आईच्या तोंडून बोलू लागते, ती पुरवावी, असं सुश्रुत सांगतो. आपल्या डोहाळ्यांची उपपत्ती हीच. आज सोनोग्राफीत शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या सुमारासच त्या दुसऱ्या हृदयाची धडधड दिसते, पण कल्पना तीच आहे. सातव्या महिन्यात ओटी भरायची, हिरवी साडी, फुलांची वाडी, डोहाळजेवण. हे सगळं नटण्यापुरतं नव्हतं. घरात राब राब राबणाऱ्या सुनेला ‘तुला काय खावंसं वाटतं’ असं विचारण्याची ती आयुष्यातली एकमेव वेळ असायची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीतही त्यातलीच. सासरच्या कामातून पोरीला चार महिने सोडवून आणायचं, दुसरा मार्गच नव्हता.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण तिचा हिशोब पक्का होता. गणपतीत ज्या बाईची पाळी शेवटची आली ती वटपौर्णिमा झाली की दोन-चार दिवसांत बाळंत होणार, असं ती सांगायची. नर्सिंगच्या शाळेत मला नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरचा नियम शिकवला: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. म्हणजे २८० दिवस. सुटीत घरी येऊन मी पंचांग उघडलं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून २८० दिवस मोजले तर बोट ज्येष्ठ वद्य तृतीयेच्या आसपास थांबतं. वटपौर्णिमेनंतर तीन दिवस! आजी म्हणाली, “तुझ्या शाळंनं काय नवं सांगितलं मग?” आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ आणि नेगेलेचे नऊ महिने सात दिवस यांत अंतर फक्त दोन दिवसांचं.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ असं ती मानायची, सगळं गावच मानायचं. हे खोटं आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो, त्यामुळे आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्त. पण या समजुतीपायी आठव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाकडे लोक आशा सोडूनच बघत. चीक, म्हणजे पहिलं घट्ट पिवळसर दूध, ती पिळून टाकायला लावायची आणि बाळाला मधाचं बोट चाटवायची. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस, हे मला तिला वर्षानुवर्षं सांगावं लागलं. वार पडायला उशीर झाला तर ती बाईच्या तोंडात तिचीच वेणी कोंबायची. ओकारी आली की पोटाला रेटा बसतो आणि वार सुटते. कधी सुटायचीही. पण नाही सुटली तर पुढे तिच्याकडे काही नव्हतं.

बाळंतपणातला खरा वैरी रक्तस्राव. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की गर्भाशयाने मुठीसारखं आवळून त्या नसा बंद करायच्या असतात. ते आवळलं नाही, तर धडधाकट बाई दोन-तीन तासांत हातची जाते. आमच्या भागात पाटण खोऱ्यातली गावं डोंगरावर. झोळीत घालून बाईला खाली आणेपर्यंत तेवढा वेळ वाटेतच जायचा. आजीने दोन बायका अशा गमावल्या होत्या. एकीचं नाव ती शेवटपर्यंत घेत असे. “हात लावून बसले होते गं मी, पर धार थांबंना.” आज त्याच ठिकाणी ऑक्सिटोसिनचं एक इंजेक्शन दंडावर किंवा मांडीवर दिलं की बहुतेक वेळा गर्भाशय आवळतं. त्या एका इंजेक्शनासाठी मी विज्ञानाच्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे.

दुसरा वैरी धनुर्वात. आजी नाळ विळ्याने कापायची. विळा धुतलेला असायचा, पण उकळलेला नसायचा, आणि नाळेवर चुलीतली राख लावायची. मातीतले आणि शेणातले धनुर्वाताचे जंतू त्या ओल्या जखमेतून आत जायचे. बाळ चार दिवस छान प्यायचं, मग अचानक त्याचा जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताणायचं आणि ते जायचं. हे बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस व्हायचं. पाचव्या रात्री आपल्याकडे पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्रभर दिवा जागता ठेवतात, कारण सटवाई येऊन कपाळी लिहून जाते. मला नेहमी वाटत आलं आहे की आयाबायांनी पिढ्यानपिढ्या याच दिवसांत मुलं हातची जाताना पाहिली आणि त्या भीतीला सटवाईचं नाव दिलं. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस टोचली की तिच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं वारेतून बाळात उतरतात. लस, उकळलेलं पातं आणि स्वच्छ दोरा, एवढ्यावर सटवाईचं ते लिखाण पुसता आलं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. त्या बातमीचं कात्रण मी देव्हाऱ्यात ठेवलं आहे.

आता शंभर-दीडशे वर्षं मागे जाते. पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला पुनर्विवाह नाही, पण तिच्यावर हात टाकणारे घरातच. दिवस गेले की तिच्यापुढे विहीर, नाही तर जन्मलेल्या मुलाचा गळा. अशा बायकांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर जावं, अशी ती सोय होती. तिथे आलेल्यांची देखभाल सावित्रीबाई करत. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. दुसऱ्यांच्या बाळंतिणींना विटाळ न मानता घरात घेणारं हे जोडपं माझ्या दृष्टीने आपल्याकडच्या पहिल्या प्रसूतिगृहाचं चालक.

आनंदीबाई जोशींची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्या मुळाशी एक बाळंतपण आहे हे विसरलं जातं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते दहा दिवसांत गेलं. बाईला बाईचा वैद्य मिळत नाही ही ठेच त्यांना तिथे लागली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या, आणि प्रबंधाचा विषय घेतला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, पुण्यात त्या क्षयाने गेल्या. माझ्या आजीच्या सुपात पडणारे अर्धे जोंधळे आणि आनंदीबाईंचं दहा दिवसांचं मूल, दोन्ही मला एकाच कहाणीतली वाटतात.

त्याच सुमारास मुंबईत बायकांसाठी बायकांनी चालवलेलं कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडलं. डॉ. एडिथ पेची त्याच्या प्रमुख होत्या. बालपणीचं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई लंडनला डॉक्टर होऊन आल्या त्या आधी तिथेच कामाला लागल्या. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला आणि १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी देशी दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. हेतू चांगला होता. पण त्या काळच्या अहवालांत दाई म्हणजे घाणेरडी, खुनशी, अंधश्रद्ध असंच चित्र येतं. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी १९२७ च्या ‘मदर इंडिया’त ते आणखी काळं रंगवलं. दाई जातीमुळे गावाबाहेर, पाण्यापासून दूर, हातावर पोट असलेली. तिच्या अंगावर स्वच्छ कपडा नसेल तर तो का नाही, हे कुणी विचारलं नाही.

हात घाण होते हा आरोप मी नाकारत नाही. पण हात एकट्या सुइणीचेच घाण नव्हते. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते, एक डॉक्टरांचा आणि एक सुइणींचा. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त होत्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला कारण सापडलं: डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेतं चिरून तसेच बाळंतिणीला तपासायला येत. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्याच्याच बिरादरीने त्याला मानलं नाही आणि १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. हात धुणं ही गोष्ट सुइणीनेही शिकायची होती आणि डॉक्टरनेही. डॉक्टरला कॉलेजात शिकवली गेली. सुइणीला शिकवायच्या आधीच तिला गुन्हेगार ठरवलं गेलं.

आमच्या घरातल्या एका बाईला मात्र शहराने वेगळे दिवस दाखवले. आजीची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर परळला गेली आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. परळला १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं होतं, गिरणगावातल्या बायकांना ते पायी जाण्याच्या अंतरावर. तिची दोन मुलं तिथे लोखंडी खाटेवर झाली. त्या खाटेवर शेजारी कोणत्या जातीची बाई आहे हे कुणी विचारलं नाही, ही गोष्ट ती गावी आली की पुन्हा पुन्हा सांगायची. मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली गिरणीकामगार बायकांना बाळंतपणाचा लाभ देणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे आणि सरकारनेही त्याचा भार उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. पुढे १९६१ चा केंद्राचा कायदा आला आणि २०१७ मध्ये ती पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण शेतात भांगलणाऱ्या बाईला त्यातलं काही लागू नव्हतं, आजही नाही. माझी आजी स्वतः माझ्या आईच्या वेळी पाचव्या दिवशी मालकाच्या रानात कामाला गेली होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजेखाली शेगडी आणि बाळंतशोपा हे वाड्यावरच्या बाळंतिणीचं. मांगवाड्यातल्या बाळंतिणीला जोंधळ्याची आंबील मिळाली तरी देव पावला. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणींची उपासमार लिहून ठेवली आहे. ज्यांना बाळंतपणाच्या रीती गोड वाटतात त्यांनी ती पानं वाचावीत.

माझ्या आईचा काळ दाई-प्रशिक्षणाचा. सत्तरच्या दशकात सरकारने गावोगावच्या सुइणींना प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलावून शिकवलं. शिकवणं पाच स्वच्छतांचं: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, स्वच्छ दोरा आणि नाळेच्या टोकाला काहीही न लावणं. आईला युनिसेफची ॲल्युमिनियमची पेटी मिळाली. साबण, ब्रश, पातं, दोरा, मेणकापड. त्या पेटीने आईच्या चालण्यात फरक पडला. पेटी हातात धरून ती वाड्याच्या पुढच्या दाराने जाऊ लागली. एकदा एका घरात तिला अंगणात थांबायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “साबण-पाणी आत आणि मी बाहेर, असं बाळंतपण व्हत न्हाई.” तिला आत घेतलं. जे कुणाच्या भाषणाने झालं नाही ते त्या पेटीने थोडंसं केलं.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे पोटावर लावायचं लाकडी नरसाळं होतं, त्यातून बाळाचे ठोके ऐकायचे. रक्तदाबाचं यंत्र होतं. लोहाच्या गोळ्या होत्या, ज्या बायका ‘मूल मोठं होतं आणि अडतं’ म्हणून कोंबड्यांना टाकत. झटके येणाऱ्या गरोदर बाईला देवऋष्याकडे नेत. रक्तदाब वाढणं, लघवीत प्रथिनं उतरणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्या झटक्यांची आधीची पावलं आहेत, हे मी घरोघर सांगत फिरले. आईची पुण्याई माझ्या कामी आली. ज्या घरात तिने मूल काढलं होतं त्या घरात माझी लस टोचून घेत.

आणि मी एक चूकही केली, ती इथे लिहायलाच हवी. १९८४ च्या पावसाळ्यात एक पहिलटकरीण माझ्याकडे होती, सतरा-अठरा वर्षांची. ती टेबलावरून उठायला बघत होती, ओरडत होती. दोन रात्रींचं जागरण होतं. मी तिच्यावर ओरडले, तिच्या मांडीवर चापट मारली आणि तिच्या आईला खोलीबाहेर काढलं. मी एका रुग्णालयात शिकत असताना हेच पाहिलं होतं आणि तेच शिस्त म्हणून शिकले होते. बाळंतपण सुखरूप झालं. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पोरी, कळा देणाऱ्या बाईवर वरडू नये. तिला एकटं पाडू नये. ती तवा दोन दारांच्या मधी असती.” आजीने सुइणीच्या कामाचं सगळं सार त्या एका वाक्यात मला दिलं. ती १९८८ मध्ये गेली. त्या मुलीची माफी मात्र मी कधी मागितली नाही.

आजीच्या काही रीती पुढे विज्ञानानेच उचलून धरल्या. ती बाईला आडवं पाडायची नाही. दोरखंड धरून उकिडवी बसवायची, चालवायची. आता सांगतात की पहिल्या अवस्थेत बाईने हिंडावं-फिरावं, सोईच्या स्थितीत राहावं. ती नाळेची धडधड थांबेपर्यंत नाळ कापायची नाही. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की निदान एक मिनिट थांबा, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि त्याचा पंडुरोग टळतो. आणि गावातल्या शिकवलेल्या बाईच्या हातात केवढं बळ असतं हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावच्या आरोग्यदूत बायकांना शिकवलं, दायांना सोबत घेतलं. बाळाला ऊब, श्वास, जंतुसंसर्गावर औषध, सगळं घरातच. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली त्यांनी मांडलं की ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आशाताई आज घरी जाऊन बाळ बघतात ती पद्धत तिथून आली.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशा आल्या, मागून रुग्णवाहिका आल्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. २०१८-२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. आजीच्या काळात प्रत्येक आळीत बाळंतपणात गेलेल्या बाईची एक तरी आठवण असायची. आज माझ्या नातीला अशी एकही बाई माहीत नाही. सुईण संपली, हे बरंच झालं. तो धंदा जातीच्या जोखडाखाली चाललेला होता आणि त्याच्या हाती रक्त थांबवायचं औषध नव्हतं. त्याच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही.

पण सुइणीबरोबर आणखी एक गोष्ट आपण बाहेर काढली. कळा सुरू झाल्यापासून बाळ रडेपर्यंत, बाईच्या पाठीवर हात ठेवून बसलेलं एक ओळखीचं माणूस. आज बाई दवाखान्याच्या दारात उतरते आणि दार बंद होतं. आई, सासू, नणंद बाहेर बाकावर. आत अनोळखी चेहरे, चढे आवाज, शेजारच्या टेबलावरचं ओरडणं. शंभर वर्षांपूर्वी सुईण उंबऱ्याबाहेर होती. आता बाईची सगळी माणसं उंबऱ्याबाहेर आहेत. जगभरच्या अभ्यासांतून हेच दिसलं आहे की सतत कुणी सोबत असलं तर कळांचा वेळ कमी होतो, सिझेरियन कमी होतात, बाईच्या मनावरचा घाव कमी होतो. आपल्या सरकारनेही २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षात बाईच्या पसंतीची सोबतीण असावी असं म्हटलं आहे. कागदावर दार उघडलं आहे.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातली लेक-सून बाळंतपणाला जाईल तेव्हा नाव नोंदवतानाच विचारा: आत तिच्याबरोबर कोण राहील? नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. जी राहील तिला हात धुवायला सांगा, नखं कापायला सांगा, आणि तिला बाहेर काढू देऊ नका.